शून्य गुण मिळवूनही युरोत: महिला फुटबॉलच्या खालच्या लीगचं गणित

एप्रिल ते जुलै 2024 या चार महिन्यांत पोलंडच्या महिला फुटबॉल संघाने युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत सहा सामने खेळले आणि सहाही गमावले. जर्मनीने दोनदा हरवलं, ऑस्ट्रियाने दोनदा, आइसलंडने दोनदा. गुणतक्त्यात पोलंडच्या नावापुढे शून्य. त्याच चार महिन्यांत स्लोव्हेनियाचा संघ आपल्या गटात पहिला आला. आणि तरीही 2025 च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये युरो सुरू झाली तेव्हा मैदानात पोलंड होता आणि स्लोव्हेनियाच्या खेळाडू घरी बसून सामने बघत होत्या.

हे वाचून कुणालाही वाटेल की नियमात काहीतरी घोळ आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ही रचना नीट उलगडून पाहिली की तिच्यामागचा विचार कळतो, आणि तिच्यातला खरा दोष कुठे आहे तेही दिसतं. तो दोष पोलंडच्या शून्यात नाही, दुसरीकडेच आहे.

जागा सोळा, उमेदवार एक्कावन्न

महिलांची युरो म्हणजे युरोपातल्या देशांची अजिंक्यपद स्पर्धा. ती युरोपीय फुटबॉलची सर्वोच्च संघटना, म्हणजे युएफा, भरवते. 2017 पासून या स्पर्धेत सोळा संघ खेळतात. 2025 च्या स्पर्धेचं यजमानपद स्वित्झर्लंडकडे असल्यामुळे एक जागा त्यांच्यासाठी राखीव होती. उरल्या पंधरा. त्यांच्यासाठी जी चुरस होते ती पात्रता फेरी. यजमान धरून एक्कावन्न देश तिच्यात उतरले होते.

एक्कावन्न म्हणायला सोपं, पण हे सगळे एका मापाचे नाहीत. एका टोकाला स्पेन, इंग्लंड, जर्मनी. तिथे महिलांची व्यावसायिक लीग आहे, खेळाडूंचा पोटापाण्याचा उद्योगच फुटबॉल आहे. दुसऱ्या टोकाला अँडोरा, मोल्दोव्हा, लक्झेंबर्ग यांच्यासारखे देश. तिथे खेळाडूंची संख्याच मर्यादित, आणि त्यातल्या कित्येक जणी शिक्षण किंवा नोकरी सांभाळून सराव करतात. या सगळ्यांना एकाच पिशवीत घालून चिठ्ठ्या काढल्या तर काय होतं, हे युरोपाने प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

ती 20-0 ची रात्र

30 नोव्हेंबर 2021. 2023 च्या विश्वचषकासाठी पात्रता फेरीचे सामने सुरू होते. इंग्लंडमधल्या डॉनकॅस्टरला इंग्लंड आणि लाटव्हिया यांचा सामना झाला. निकाल 20-0. म्हणजे साधारण दर साडेचार मिनिटांनी लाटव्हियाची गोलरक्षक जाळ्यातून चेंडू उचलत होती. पाचच दिवस आधी बेल्जियमने आर्मेनियाविरुद्ध 19 गोल केले होते. आयर्लंडने जॉर्जियावर 11-0 अशी मात केली तीही डॉनकॅस्टरच्याच रात्री. इंग्लंडने त्या फेरीतले दहाही सामने जिंकले, 80 गोल केले आणि एकही गोल खाल्ला नाही. त्याच गटातल्या लक्झेंबर्गला इंग्लंडने घरी आणि बाहेर दोन्हीकडे 10-0 असंच हरवलं.

अशा सामन्यातून कुणाला काय मिळतं? हरणाऱ्या संघाचा पूर्ण वेळ स्वतःच्या गोलपुढे गर्दी करण्यात जातो. हल्ला कसा चढवायचा, आघाडी मिळाल्यावर ती कशी टिकवायची, शेवटच्या दहा मिनिटांत डोकं शांत कसं ठेवायचं, यातलं काहीही शिकण्याची वेळच येत नाही, कारण चेंडूच मिळत नाही. जिंकणाऱ्या संघालाही खरी कसोटी मिळत नाही. इंग्लंडच्या प्रशिक्षक सरिना विगमन यांनीही त्या सामन्यानंतर असे निकाल खेळाच्या वाढीसाठी चांगले नाहीत असंच मत मांडलं होतं.

त्याआधी युरोपाने याच्या उलटही करून पाहिलं होतं. 2019 च्या विश्वचषकाच्या वेळी सर्वांत दुबळ्या सोळा संघांची वेगळी प्राथमिक फेरी घेतली. चार-चार संघांचे चार गट, प्रत्येक गट एकाच ठिकाणी जमणार, प्रत्येक संघाला तीन सामने. त्यातून पुढे गेलात तर ठीक, नाहीतर पुढच्या स्पर्धेची पात्रता फेरी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. म्हणजे एकदा दार इतकं अरुंद ठेवलं की लहान देश बाहेरच राहिले, आणि नंतर इतकं सताड उघडलं की आत आलेले पायदळी तुडवले गेले.

आशियात 2025 मध्येही पात्रता फेरीत उतरलेले सगळे संघ एकत्रच होते आणि त्याचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. 2026 च्या आशियाई चषकासाठी 2025 च्या जून-जुलैमध्ये भारतीय महिला संघ थायलंडमधल्या चियांग माईला खेळला. मंगोलियावर 13-0, तिमोर-लेस्तेवर 4-0, इराकवर 5-0. मग शेवटचा सामना यजमान थायलंडशी. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत 2-1 ने जिंकला आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात पोहोचला. त्या रात्रीचा आनंद खराच होता. पण चार सामन्यांपैकी ज्याला चुरशीचा म्हणता येईल असा सामना एकच होता, हेही तितकंच खरं. आणि मंगोलियाच्या मुलींनी त्या 13-0 मधून काय नेलं, हा प्रश्न उरतोच.

शाळेतल्या तुकड्यांसारखी व्यवस्था

2023 मध्ये युएफाने महिलांसाठी नेशन्स लीग, म्हणजे देशोदेशींच्या संघांची लीग स्पर्धा, सुरू केली आणि पात्रता फेरी तिला जोडून टाकली. कल्पना आपल्याला शाळेपासून माहीत आहे: अ तुकडी, ब तुकडी, क तुकडी. इथे त्यांना लीग ए, लीग बी आणि लीग सी म्हणतात. वरचे सोळा संघ ए मध्ये, पुढचे सोळा बी मध्ये आणि उरलेले सगळे सी मध्ये. 2024 च्या पात्रता फेरीत सी मध्ये एकोणीस संघ होते.

प्रत्येक लीगमध्ये पुन्हा साधारण चार-चार संघांचे गट पाडतात. गटातल्या प्रत्येक संघाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळायचं. म्हणजे सहा सामने. जिंकलात तर तीन गुण, बरोबरीला एक, हरलात तर काही नाही.

यातला कळीचा भाग स्पर्धेच्या शेवटी येतो. गटात पहिला आलेला संघ पुढच्या वेळी वरच्या तुकडीत बसतो. ही बढती. तळाला राहिलेला खालच्या तुकडीत जातो. ही घसरण. आणि हे दोन्ही स्पर्धांच्या शेवटी होतं. 2023 च्या नेशन्स लीगमधल्या स्थानावरून ठरलं की 2024 च्या युरो पात्रता फेरीत कोण कोणत्या लीगमध्ये खेळणार, आणि त्या पात्रता फेरीच्या निकालावरून ठरलं की 2025 च्या नेशन्स लीगमध्ये कोण कुठे. दोन वर्षांत दोनदा वर चढण्याची संधी, आणि दोनदा खाली पडण्याची भीती.

आता युरोची जागा मिळवायची तर नेमकं काय करायचं, हे लीगनुसार बदलतं. इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो.

सी लीगमधून युरोपर्यंत जायची वाट

लीग ए च्या संघांसाठी रस्ता सरळ होता. चार गट, प्रत्येक गटातले पहिले दोन थेट युरोत. आठ जागा इथेच संपल्या. स्पेन, डेन्मार्क, जर्मनी, आइसलंड, फ्रान्स, इंग्लंड, इटली आणि नेदरलँड्स यांना त्या मिळाल्या.

उरलेल्या सात जागांसाठी प्ले-ऑफ होता. प्ले-ऑफ म्हणजे मुख्य फेरीत थेट जागा न मिळालेल्यांसाठीची बाद फेरी. दोन संघ एकमेकांशी दोन सामने खेळतात, एक इथे आणि एक तिथे. दोन्ही सामन्यांचे गोल मिळवून ज्याचे जास्त तो पुढे. बरोबरी झाली तर अर्धा तास जादा वेळ, तरीही सुटलं नाही तर पेनल्टी.

या प्ले-ऑफमध्ये अठ्ठावीस संघ होते आणि पहिल्या फेरीत ते दोन वेगळ्या वाटांनी आले.

पहिल्या वाटेवर लीग ए मधले तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचे आठ संघ आणि त्यांच्यासमोर लीग सी मधले सर्वोत्तम आठ. सी मध्ये पाच गट होते, म्हणून पाच गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या पाचांपैकी सर्वांत चांगले तीन, असे आठ. दुसऱ्या वाटेवर लीग बी मधले बारा संघ आपसात भिडले. पहिल्या वाटेवरून आठ विजेते, दुसरीवरून सहा, असे चौदा संघ दुसऱ्या फेरीत आले. सात लढती झाल्या आणि सात संघ युरोला गेले.

यजमान स्वित्झर्लंड स्वतः लीग बी मध्ये खेळत होता आणि गटात पहिलाही आला. त्याची जागा आधीच पक्की असल्याने प्ले-ऑफमधली त्याची खुर्ची लीग बी मध्ये चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या अझरबैजानला मिळाली. नशिबाचा भाग म्हणायचा तो एवढाच.

आता वाटांची ही मांडणी जरा थांबून पाहू. क तुकडीत पहिला आलेल्या मुलाला सांगितलं, "शाबास. आता स्पर्धेला जायचं असेल तर आधी अ तुकडीतल्या कुणाला तरी हरव. ते जमलं तर आणखी एकाला." ब तुकडीतल्या मुलांना मात्र पहिल्या फेरीत ब तुकडीतलाच प्रतिस्पर्धी. म्हणजे सर्वांत खालच्या संघांना सर्वांत चढाची वाट. हे सहेतुक आहे. वरच्या तुकडीत जागा मिळवणाऱ्याला सोप्या लढतीचं बक्षीस, आणि खालून येणाऱ्याने आपण खरंच तिथले आहोत हे सिद्ध करायचं.

"पण शून्य गुणवाल्या पोलंडला संधीच का?"

पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप हाच. उत्तर असं की लीग ए मध्ये असणं हीच आधी केलेली कमाई आहे. 2023 च्या नेशन्स लीगमध्ये पोलंड लीग बी मध्ये होता. सर्बिया, युक्रेन आणि ग्रीस यांच्या गटात तो पहिला आला आणि म्हणून वर चढला. 2024 मध्ये त्याला जर्मनीच्या गटात बसवलं ते त्या विजयाच्या जोरावरच. लीग ए च्या सोळाही संघांना किमान प्ले-ऑफची हमी होती. कारण तसं नसतं तर वर चढणं म्हणजे शिक्षाच झाली असती. विचार करा, बी मध्ये राहून गट जिंकला तर प्ले-ऑफ, आणि ए मध्ये जाऊन जर्मनीकडून हरला तर घरी. मग बढती हवी कुणाला?

शिवाय शून्याची किंमत पोलंडने मोजलीच. पुढच्या नेशन्स लीगसाठी तो पुन्हा बी मध्ये गेला.

आणि प्ले-ऑफमध्ये जे झालं ते तर पाहण्यासारखं होतं. पोलंडने पहिल्या फेरीत सी लीगच्या रोमानियाला दोन्ही सामन्यांत हरवलं. दुसऱ्या फेरीत गाठ पडली ऑस्ट्रियाशी. हाच ऑस्ट्रिया, ज्याने काही महिन्यांपूर्वी गटात पोलंडला दोनदा 3-1 ने हरवलं होतं. या वेळी पोलंडने दोन्ही सामने 1-0 ने जिंकले आणि पहिल्यांदाच युरो गाठली. जर्मनी, आइसलंड आणि ऑस्ट्रियाविरुद्धचे ते सहा पराभव फुकट गेले नव्हते, असं मी म्हणेन. वरच्या दर्जाचा वेग अंगवळणी पडायला सहा सामने लागले, आणि त्यानंतर प्ले-ऑफमधले चारही सामने पोलंडने जिंकले. स्वित्झर्लंडमध्ये त्याने डेन्मार्कवर 3-2 असा विजय मिळवला, युरोतला आपला पहिला.

"सी मधला एकही संघ पुढे गेला नाही. मग हे दार नावापुरतंच?"

हा आक्षेप जड आहे आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर देता येणार नाही. 2024 च्या प्ले-ऑफमध्ये लीग सी मधून आठ संघ आले: बेलारूस, स्लोव्हेनिया, ग्रीस, रोमानिया, अल्बानिया, जॉर्जिया, माँटेनिग्रो आणि लक्झेंबर्ग. आठही पहिल्याच फेरीत बाद झाले. अल्बानिया नॉर्वेकडून 5-0 आणि 9-0 असा हरला. स्वीडनने लक्झेंबर्गवर दोन सामन्यांत मिळून बारा गोल केले.

पण आठही निकाल एकसारखे नव्हते. ग्रीसने घरच्या मैदानावर बेल्जियमला 0-0 असं रोखलं. माँटेनिग्रो पहिल्या सामन्यात फिनलंडकडून फक्त एका गोलने हरला. दुसऱ्या सामन्यात दोघांचीही ताकद कमी पडली, ग्रीसला तीन गोल खावे लागले आणि माँटेनिग्रोला पाच. 90 मिनिटं टक्कर देता येते, 180 मिनिटं देता येत नाही. राखीव फळीची कमतरता, तंदुरुस्ती, प्रवास, या सगळ्याचा हिशेब दुसऱ्या सामन्यात होतो.

जॉर्जियाचंच उदाहरण घ्या. 2021 मध्ये आयर्लंडकडून 11-0. 2024 च्या प्ले-ऑफमध्ये त्याच आयर्लंडकडून 6-0 आणि 3-0. हरले दोन्ही वेळा. फरक असा की 2024 मध्ये आयर्लंडसमोर येण्याआधी जॉर्जियाच्या संघाने बेलारूस, लिथुआनिया, सायप्रस यांच्याशी बरोबरीच्या नात्याने सहा सामने खेळले होते आणि त्यातून दुसरा क्रमांक कमावला होता. आयर्लंडविरुद्धचे ते दोन सामने चिठ्ठीने माथी मारलेले नव्हते, जिंकून मिळवलेले होते. माझ्या लेखी सी लीगचं खरं मोल इथे आहे. युरोची जागा हे तिचं फार दूरचं टोक. तिची रोजची कमाई म्हणजे जिंकता येतील, हरता येतील आणि शेवटच्या मिनिटापर्यंत ताणता येतील असे सामने.

"बलाढ्यांशी खेळल्याशिवाय शिकणार कसं?"

पोहायला शिकवताना कुणी थेट खोल समुद्रात ढकलत नाही, आणि कायम गुडघाभर पाण्यात ठेवूनही पोहणं येत नाही. कंबरभर पाण्यापासून सुरुवात करतात. पोलंडला जर्मनीशी खेळून फायदा झाला कारण तो आधी सर्बिया आणि युक्रेनला मागे टाकून आला होता. लाटव्हियाला इंग्लंडशी खेळून तसा फायदा होण्याची शक्यता नव्हती, दोघांतली दरीच तेवढी मोठी होती. 2024 मध्ये लाटव्हिया स्लोव्हेनिया, उत्तर मॅसेडोनिया आणि मोल्दोव्हा यांच्या गटात खेळला. त्या गटात पहिला येणाऱ्यासाठी लीग ए च्या संघाशी दोन सामने राखून ठेवलेलेच होते. म्हणजे बलाढ्यांशी गाठ पडण्याची सोय या रचनेत आहे, फक्त तिथवर चालत जावं लागतं.

प्रेक्षकांचा मुद्दा मात्र खरा आहे. स्पेन किंवा इंग्लंडचा संघ गावात येणार म्हटलं की स्टेडियम भरतं, लहान मुली आईबापांचा हात धरून येतात. सी लीगमध्ये तो दिवस क्वचित उगवतो. हे नुकसान आहेच.

खरा दोष: रहाटगाडगं

सुरुवातीला म्हटलं होतं की दोष दुसरीकडे आहे. तो पाहायचा तर एका वर्षाचा गुणतक्ता पुरत नाही, सलग दोन स्पर्धांचे समोरासमोर ठेवावे लागतात.

2023 मध्ये लीग बी मधून सी मध्ये घसरलेले पाच संघ: रोमानिया, अल्बानिया, ग्रीस, स्लोव्हेनिया, बेलारूस. 2024 मध्ये सी मधून बी मध्ये चढलेले पाच संघ: बेलारूस, स्लोव्हेनिया, ग्रीस, रोमानिया, अल्बानिया. तेच पाच.

उलट दिशेनेही तसंच. 2023 मध्ये सी मधून वर चढले तुर्किये, अझरबैजान, इस्रायल, माल्टा आणि कोसोवो. 2024 मध्ये तुर्किये तेवढा टिकला. बाकीचे चारही परत खाली.

वरच्या मजल्यावर काय झालं? 2023 मध्ये ए मधून घसरलेले वेल्स, स्कॉटलंड, पोर्तुगाल आणि स्वित्झर्लंड हे चारही 2024 मध्ये परत वर गेले. त्यांच्या जागी आलेले पोलंड, फिनलंड, आयर्लंड आणि झेक प्रजासत्ताक हे चारही परत खाली आले.

म्हणजे विहिरीवरच्या रहाटासारखं. एक गाडगं वर येतं, दुसरं खाली जातं, आणि पुढच्या फेऱ्यात त्यांची अदलाबदल. तीन लीग आहेत म्हणताना प्रत्यक्षात चार-पाच थर तयार झाले आहेत: ए चा न हलणारा वरचा भाग, ए आणि बी मध्ये झुलणारे, बी मध्ये स्थिरावलेले, बी आणि सी मध्ये झुलणारे, आणि सी च्या तळाशी कायम असलेले. एकदा वर चढलेल्या संघाला तिथे पाय रोवायला सहा सामन्यांपलीकडे वेळ मिळत नाही. संघ घडायला वर्षं लागतात आणि इथे निकाल काही महिन्यांत लागतो. चढलेल्यांपैकी निदान काहींना दोन स्पर्धा संरक्षण द्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

झुलण्याचेही फायदे असतात, हे वेल्सने दाखवलं. बी मध्ये घसरल्यामुळे त्याला प्ले-ऑफच्या पहिल्या फेरीत स्लोव्हाकिया मिळाला. तिथेही सोपं गेलं नाही. बाहेर 2-1 ने हार, मग घरी कार्डिफला 90 मिनिटांनंतर 1-0 अशी आघाडी, म्हणजे एकूण 2-2, आणि जादा वेळेत निर्णायक गोल. त्यानंतर लीग ए मधल्या आयर्लंडशी कार्डिफला 1-1 आणि 3 डिसेंबर 2024 रोजी डब्लिनला 2-1. वेल्सचा महिला संघ पहिल्यांदा कुठल्याही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला. ए मध्ये राहून आयर्लंड हुकला, बी मधून येऊन वेल्स पोहोचला.

सी लीगचा गुणतक्ता कसा वाचायचा

हे सामने पुन्हापुन्हा येणार आहेत. 2027 चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे आणि त्यासाठी युरोपची पात्रता फेरी याच तीन लीगच्या सांगाड्यावर उभी आहे. थोडे फरक आहेत. लीग ए मधून थेट जागा फक्त चार गटविजेत्यांना. प्ले-ऑफमध्ये बत्तीस संघ. लीग सी मध्ये आता एकवीस संघ आणि सहा गट, त्यामुळे तिथून सहा गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम दोन पुढे जातात.

तेव्हा सी चा तक्ता समोर आला की आधी पहिली ओळ पाहावी, तिथल्या संघाला प्ले-ऑफ आणि बढती दोन्ही मिळतं. मग दुसरी ओळ. पण दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची आपसात तुलना करताना एक मेख आहे. काही गटांत चार संघ असतात, काहींत तीनच. चारच्या गटात दोन सामने जास्त, म्हणजे गुण जास्त मिळण्याची शक्यताही जास्त. म्हणून ही तुलना करताना चौथ्या क्रमांकाच्या संघाविरुद्धचे निकाल वजा करतात. त्या चौथ्या संघाला सात-आठ गोलांनी हरवून गोलफरक फुगवला तरी या हिशेबात तो धरलाच जात नाही. एकाच गटातल्या दोन संघांचे गुण समान झाले तर आधी त्या दोघांमधल्या सामन्यांचे निकाल बघतात, एकूण गोलफरक नंतर. म्हणजे जवळच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एक सामना कधीकधी दुबळ्या संघावरच्या मोठ्या विजयापेक्षा भारी पडतो.

स्लोव्हेनियाचं पुढे काय झालं

सुरुवातीला ज्या स्लोव्हेनियाला घरी बसवलं होतं त्याच्याकडे परत येते. 2023 मध्ये तो बी मधून घसरला. 2024 मध्ये सी मध्ये गट जिंकला, प्ले-ऑफमध्ये ऑस्ट्रियाशी पडला, घरी 3-0 ने आणि बाहेर 2-1 ने हरला. युरो गेली, पण बढती हातात राहिली.

2025 च्या नेशन्स लीगमध्ये स्लोव्हेनिया बी मध्ये, गटात आयर्लंड, तुर्किये आणि ग्रीस. फेब्रुवारीत आपल्याकडच्या कोपर शहरातल्या मैदानावर स्लोव्हेनियाने आयर्लंडला 4-0 ने हरवलं. एक वर्षापूर्वी आयर्लंड इंग्लंड आणि फ्रान्सच्या गटात खेळत होता आणि स्लोव्हेनिया मोल्दोव्हाच्या. परतीच्या सामन्यात आयर्लंड 1-0 ने जिंकला. शेवटी दोघांचे गुण सारखे झाले. मग तोच नियम लागला, आधी आपसातले सामने. चार गोल विरुद्ध एक गोल. स्लोव्हेनिया पहिला, लीग ए मध्ये बढती.

सी मधून ए मध्ये, दोन पायऱ्या, सलग दोन स्पर्धांत. रहाटगाडग्यातून सुटलेला तो संघ. 2027 च्या विश्वचषक पात्रता फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा त्याच्या गटात जर्मनी आला, नॉर्वे आला आणि चौथा संघ आला ऑस्ट्रिया.